आजच्यापुरती ज्वारी

फाल्गुन लागला की परभणीच्या आमच्या चर्चमध्ये ज्वारीची ताटं येतात. झरीकडचे, ताडकळसकडचे लोक पेंढ्या आणून वेदीच्या दोन्ही बाजूंना उभ्या करतात आणि सगळ्या इमारतीला खळ्याचा वास येतो. उपकारस्तुतीचा सण असतो. लेकरं पाळक बघत नाहीत असं बघून कणसातले दाणे काढून खातात, बायका हिरव्या साड्या नेसतात. मी मागच्या बाकावर बसते. लोकांना वाटतं, म्हातारीचे गुडघे दुखतात म्हणून. खरं म्हणजे तो वास मला जवळून सोसत नाही.

यंदा पाळकसाहेब घरी आले. वयानं माझ्या नातवाएवढे, बोलायला गोड. चहाची बशी हातात धरून म्हणाले, "आजी, यंदाच्या सणाला साक्ष तुम्ही द्या. देवानं आयुष्यात कसं चालवलं, तेवढं सांगा." साक्ष कशी असते ते मला माहीत आहे. आजार असतो, मग बरं वाटतं. नोकरी नसते, मग लागते. शेवटाला सगळे टाळ्या वाजवतात. माझ्याजवळ जी साक्ष आहे तिच्या शेवटाला टाळ्या वाजवता येणार नाहीत. म्हणून ती मी इथं लिहिते आहे आणि त्या दिवशी चर्चमध्ये नेहमीसारखी मागं बसणार आहे.

निजामाचं राज्य होतं, दुसऱ्या मोठ्या लढाईची सालं होती. आमचं गाव झरीच्या पुढं, काळ्या रानातलं. बा आणि माय दोघं लग्नानंतर ख्रिस्ती झाले होते. बाचं नाव याकोब झालं, मायचं राहेल. गावानं बाचं नवं नाव चटकन उचललं, मायचं मात्र कुणी घेतलं नाही. ती रुक्मा होती ती रुक्माच राहिली. मी मार्था, थोरली. धाकटी रूथ, तिला आम्ही रुती म्हणायचो.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची सुगी मला अजून अंगावर जाणवते. कणसं खुडून खळ्यावर पडलेली, त्यांच्यावर फिरणारे बैल, वाऱ्याची वाट बघत तिव्ह्यावर, त्या तीन पायांच्या उंच घडवंचीवर, उभा राहिलेला बा. वारा आला की तो सूप हलवायचा आणि भुसकट उडून आमच्या डोळ्यांत जायचं. मान खाजायची, पाठ खाजायची, पण खळ्यावरून हलावंसं वाटायचं नाही. दाण्यांच्या राशीत हात कोपरापर्यंत खुपसला की आत थंड लागायचं. एवढी ज्वारी आली होती की माय बोलायचीच बंद झाली होती. ती खूश झाली की गप्प व्हायची.

एवढी ज्वारी घरात मावत नाही. ती पेवात जायची. नव्या लोकांना पेव ठाऊक नसेल. गावाजवळच्या घट्ट पांढऱ्या मातीत खणलेली ती खोल विहीरच म्हणा, तोंड अरुंद, पोट रुंद. आतून कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर दगडी चीप ठेवून मातीनं लिंपायचं. वर्ष, दोन वर्षं धान्य आत राहायचं. थोडं पिवळं पडायचं, आंबूस वास धरायचं, पण टिकायचं. उघडताना मात्र एक रीत होती आणि ती शेंबड्या पोरालाही माहीत होती. पेवात वाफ कोंडते, ती माणसाचा जीव घेते. सकाळी चीप काढायची आणि पेव दुसऱ्या दिवसापर्यंत उघडं ठेवायचं. मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. तेवत राहिला तरच कमरेला दोर बांधून माणूस उतरायचा आणि वर दोघं दोर धरून उभे राहायचे. बानं हे सगळं त्याच्या बापाकडून शिकलेलं होतं आणि मला सांगितलेलं होतं.

तर त्या भरल्या सुगीच्या आधी परभणीहून सायकलवर उपदेशक आले होते. आमच्या ओसरीतच उपासना व्हायची. त्यांनी मान्नाची गोष्ट सांगितली. रानात देव रोज सकाळी भाकरी पाडायचा, रोजची रोज गोळा करायची. ज्यांनी उद्यासाठी झाकून ठेवली त्यांच्या भाकरीत किडे पडले. उपदेशकांनी ती गोष्ट कितीतरी गावांत सांगितली असेल. ऐकून लोक मान हलवायचे, घरी जायचे आणि आपापली कणगी लिंपायचे. माझ्या बानं ती ऐकली आणि ती त्याच्या डोक्यातून निघेना. अर्धवट काही करणं त्याच्या अंगात नव्हतं. ख्रिस्ती झाला तेव्हाही तसाच, झाला तर पुरता, नाहीतर नाहीच.

खळं झालं तसं तो मायला म्हणाला, "औंदा पेव भरायचं न्हाई."

माय सूप थांबवून बघत राहिली. "कामून?"

"रोजची भाकर रोज मागायलाव आपुन. आन हितं दोन सालाची पुरून ठिवायलाव. मंग मागतो कशाला? त्याला येडं समजतो का काय आपुन?"

"देवाला लेकरायचं पोट ठावं हाय," माय म्हणाली, "आन मला बी ठावं हाय. पेवाचं तुमी बगा. कणगीला हात लावला तर मी कणगीवरच बसून ऱ्हाईन."

कणगी वाचली. बाकीची ज्वारी बानं वाटून टाकली. ज्यांना रान नव्हतं त्यांना, म्हाताऱ्यांना, दारात येईल त्याला. पायल्या मोजल्या नाहीत, टोपल्यांनी दिली. गावाला वाटलं याकोब लय हुशार. त्या वर्षी लेव्हीची, म्हणजे सरकारी धान्यवसुलीची माणसं गावोगाव धान्य उकरत फिरत होती, म्हणजे यानं सरकारला चकवलं. बा ते ऐकून हसायचा. सणाला उपदेशकांनी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं, असा विश्वास असावा म्हणाले. बाची मान खाली होती, पण कान लाल झाले होते. मायनं रुतीला उगीचच या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

रिकाम्या पेवावर चीप टाकून, माती लिंपून ठेवली, गुरं पडू नयेत म्हणून.

पुढच्या वर्षी हस्त कोरडा गेला. त्याच्या आधीचंही फारसं काही पडलं नव्हतं. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. कणीस धरायला पोटऱ्यात आलीच नाही. माघ गेला, फाल्गुन आला आणि गावात खळी झाली नाहीत. सुगीचा महिना आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येत नाहीत, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. वारा मात्र रोज वेळेवर यायचा. बा संध्याकाळी खळ्याच्या रिकाम्या जागेवर उभा राहायचा आणि वारा त्याचं धोतर हलवायचा.

कणगीचा तळ त्याआधीच लागला होता. तरी आम्ही जेवत होतो, याचं मला आज आश्चर्य वाटतं. शेजारच्या गंगाकाकू रोज दुपारी यायच्या. त्या लिंगायत, सकाळी हातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालायच्या नाहीत. पदराखाली काहीतरी झाकलेलं असायचं. "रुक्मे, भाकरी जास्तीची झाली बग. आमच्यात कोण खायलंय एवढं?" त्यांच्यातही खाणारी तोंडं होती आणि त्यांचंही पेव अर्धंच होतं. कधी कुणी गेल्या वर्षी टोपली नेलेला माणूस वाटीभर पीठ ठेवून जायचा. कधी उंबरं मिळायची.

बाचा चेहरा उजळायचा. "बगितलंस? आला मान्ना."

"मान्ना न्हाई," माय म्हणायची, "गंगाकाकू आल्या."

त्यावर दोघंही हसायची. त्या उपासमारीत ती दोघं हसायची, हे मला नीट आठवतं. संध्याकाळी चौघं भिंतीशी बसून प्रभूची प्रार्थना म्हणायचो आणि भाकरीच्या मागण्याला बाचा आवाज मोठा व्हायचा. मिळालेल्याची पावती दिल्यासारखा.

आता माझी सून पिठाचे डबे भरून ठेवते. बाहेर बाजार आहे, गिरणी आहे, दुकान आहे, तरी डबे भरून. मी काही म्हणत नाही. उलट एखादा डबा अर्धा दिसला तर मला घाम फुटतो. बाची लेक असून मला घाम फुटतो. देवावर माझा भरवसा आहे का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते आणि मनात डबे मोजते.

मग गंगाकाकूंच्या लेकीचे दिवस भरत आले. ती ताडकळसला दिलेली. काकू आमच्या दारात उभ्या राहून कितीतरी वेळ बोलत होत्या, जाववत नव्हतं त्यांना. "लेकीकडं जायलेय रुक्मे. ह्यास्नी सांगितलंय, तुमच्याकडं बगा मनून." हे म्हणजे त्यांचे यजमान बसाप्पा. भला माणूस, पण बायकांच्या कारभारात लक्ष घालायचा नाही. काकू गेल्या आणि दुपारी आमच्या दाराशी कुणी येईना. वाटीवाल्यांच्या वाट्या त्यांच्याच घरात पुरत नव्हत्या.

बा कामाला हिंडायचा. काढणीच नाही तर काम कुठलं? एक दिवस चावडीसमोर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्यापरीस मेलेलं बरं." माणूस कावला की बोलतो, पण ते वाक्य गावानं ऐकून ठेवलं. त्याच संध्याकाळी प्रार्थनेत तो भाकरीच्या मागण्यापाशी आला आणि थांबला.

आम्ही वाट बघितली. मायनं हळूच पुढचा शब्द दिला.

"न्हाई," बा म्हणाला. "तोंडातून निघंना." मग भिंतीकडं बघत, "मी त्याच्यावर लय भार टाकला का गं? का त्यानंच मला सोडलं?"

उरलेली प्रार्थना मायनं एकटीनं म्हटली. मी घाबरले. भुकेला मी सरावले होते, पण बाचा आवाज प्रार्थनेत नाही, याला सरावले नव्हते. घराचं आढं काढून घेतल्यासारखं मला झालं.

दुसऱ्या दिवशी घरात काहीच नव्हतं. रुती सकाळी रडत होती, दुपारी रडायची थांबली. तिचं थांबणं जास्त वाईट होतं. माय ओढ्याकडं घोळीची भाजी मिळते का बघायला गेली. बा उंबऱ्यावर बसून होता. दिवस कलला तसा तो उठला, आभाळाकडं बघून म्हणाला, "आजचा दिस अजून हाय." आणि कोपऱ्यातली पहार घेतली.

"कुठं चाललाव बा?" मी विचारलं.

"आलो," म्हणाला.

तो पेवाकडं गेला. पहारीनं चीप सरकवली, पटका काढून कडेला ठेवला, आणि उतरला. कंदील नाही, दोर नाही, वर माणूस नाही.

बसाप्पांना बायकोचं बोलणं नेमकं त्या दिवशी आठवलं. ते आंबिलीचं मोगं, छोटं मडकं, घेऊन आमच्या घराकडं निघाले होते. वाटेत त्यांना पेवाची चीप सरकलेली दिसली आणि कडेला पटका. त्यांनी हाका मारल्या. माणसं गोळा झाली, निंबाचे डहाळे दोराला बांधून खालीवर केले, वाफ निघू दिली, तोवर सूर्य बुडाला होता. बाला वर काढला तेव्हा त्याच्या अंगावर कडब्याचा कुजका भुगा होता. तोंड शांत होतं. बसाप्पा एका हातात ते मोगं धरून तसेच उभे होते. कुणीतरी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि आम्हाला पाजलं. मी प्यायले. मला भूक लागली होती.

भाकर वाटेवर होती. हे मला आजही गिळता येत नाही. त्या दिवसाचं मागणं ऐकलं गेलं होतं, आंबील घरून निघालेली होती आणि माझा बा पेवाच्या तळाशी होता. थोडा थांबला असता तर. बसाप्पा थोडे आधी निघाले असते तर. आजवर कितीतरी मयतांना मी गेले आहे आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हलक्या आवाजात म्हणतंच की ही देवाची योजना. मला ते ऐकलं की उठून जावंसं वाटतं. देवाला योजना असेल, मी नाही म्हणत नाही. पण ती ज्याच्या अंगावरून जाते त्याच्या घरी ती एवढ्या हलक्या आवाजात सांगू नये.

गावानं निकाल लावला होता. पेवाची रीत ज्याला पाठ, तो कंदिलाशिवाय उतरला, म्हणजे काय समजायचं? आणि चावडीसमोर तो म्हणालाच होता. कुणी वाईटानं बोलत नव्हतं, कीवच करत होते. पण ती कीव मायला दगडासारखी लागत होती. भुकेनं मेला हे ती सोसू शकत होती. देवाला सोडून मेला, हे तिला सोसणार नव्हतं.

उपदेशकांना निरोप गेला, ते सकाळी आले. सायकल भिंतीला टेकवली आणि बराच वेळ तिच्या हँडलवरचा हात काढलाच नाही. त्या काळी नियम कडक होता. स्वतःचा जीव घेतलेल्याला आमच्या मसणवटीत प्रार्थनेनं पुरत नसत. त्यांना विचारणं भाग होतं आणि विचारताना ते मायकडं बघू शकत नव्हते. मान्नाची गोष्ट त्यांनीच सांगितली होती ना.

"राहेलबाई, मला क्षमा करा. याकोब जाणूनबुजून उतरला का?"

"मला ठावं न्हाई," माय म्हणाली. "मी ओढ्याला होते." मग तिनं बाच्या अंगावरची चादर जराशी सरकवली आणि धोतराचा सोगा त्यांच्या हातात दिला. तिनं बाला धुतलं होतं, पुसलं होतं, पण त्या सोग्याला हात लावला नव्हता. "ही गाठ त्यांनी मारलीय. मी सोडली न्हाई. तुमी सोडा."

उपदेशकांना गाठ लवकर सुटेना. घट्ट होती. सुटली तेव्हा त्यांच्या तळहातावर ज्वारी पडली. जुनी, पिवळी, काळपट दाणे मिसळलेली, ओंजळभर असेल. पेवाच्या भिंतीच्या कडब्यात मागच्या सालांचे दाणे अडकून राहतात. ते त्यानं त्या अंधारात बोटांनी एकेक काढले होते. सगळ्या ओसरीत तो आंबूस वास पसरला.

"मरायला गेलेला माणूस," माय म्हणाली, "रातच्या भाकरीचं बगत न्हाई."

उपदेशक त्या दाण्यांकडं बघत राहिले. त्यांनी ते परत मायच्या पदरात घातले, एकही खाली पडू दिला नाही. मग म्हणाले, "प्रार्थना मी म्हणतो." आणि कबरीपाशी म्हटलीही. उपदेश मात्र त्यांनी केला नाही. त्यानंतरही ते आमच्याकडं वर्षानुवर्षं येत राहिले, पण मान्नाची गोष्ट मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकली नाही.

तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की बाला आपल्या माणसांत जागा मिळाली. बाकीचं कळायला वय जावं लागलं. पेव उघडं टाकून दुसऱ्या दिवशी उतरायचं, ही रीत त्याला ठाऊक होती. पण दुसऱ्या दिवशी म्हणजे उद्या. त्यानं मागितली होती ती आजची. आभाळाकडं बघून तो जे बोलला त्याचा अर्थ मी कितीतरी वर्षांनी लावला. आदल्या संध्याकाळी जे मागणं त्याच्या तोंडून निघालं नव्हतं ते तो हातांनी मागायला गेला होता. त्याची समजूत चुकली असेल. चुकलीच. असल्या भरवशानं घराचं वाटोळं होतं, हे मी कुणालाही सांगेन. पण तो भरवसा सुटला नव्हता, तो सोग्याला गाठ मारून ठेवलेला होता. देवाची योजना मला आजही कळत नाही. ती गाठ मात्र मी डोळ्यांनी बघितली. संध्याकाळी प्रार्थनेत भाकरीच्या मागण्याला मी थांबते आणि ती गाठ आठवते, मग पुढचे शब्द येतात. रोज येतात असं नाही. पण बहुतेक येतात.

पुरून आलो त्या दिवशी संध्याकाळी माय जात्याशी बसली. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजार आणून घालतो. पण त्या सालात शेजाऱ्यांकडं तरी काय होतं? तिनं ते दाणे धुतले, तव्यावर कोरडे केले आणि दळले. जातं फिरत होतं आणि ती गात नव्हती. पीठ एका भाकरीपुरतंच निघालं. तिनं ती थापली, भाजली, पदरानं राख झटकली. मग आम्हाला भिंतीशी बसवून प्रार्थना म्हटली, सगळी, न अडता. भाकर मोडली, एक तुकडा मला, एक रुतीला, एक स्वतःला. बसाप्पा दारात उभे होते, त्यांनाही तिनं एवढासा तुकडा दिला. दुसऱ्याच्या चुलीवरचं ते कधी खात नसत. त्यांनी तो घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला.

भाकर कडवट होती. पेवातल्या ज्वारीची असतेच.

रुतीनं अर्धा तुकडा खाल्ला आणि उरलेला मुठीत धरून हात पाठीमागं नेला. त्या दिवसांनी एवढ्याशा लेकरालाही शहाणं केलं होतं.

"काय ठिवलंस गं?" मायनं विचारलं.

"उद्याला," रुती म्हणाली.

मायनं तिचा हात पुढं घेतला, बोटं उघडली आणि तुकडा तिच्या तोंडापाशी नेला.

"न्हाई बाय. खा. बानं आजच्यासाठी आणलंय."